ससा लंगडतो आहे : थांबावे की लगेच दवाखान्यात न्यावे?

प्रश्न : आमच्या घरी नर-मादी अशी सशांची जोडी आहे आणि दोघेही घरात मोकळेच फिरतात. काल संध्याकाळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने नराला उचलून घेतले असताना त्याने जोरात लाथा झाडल्या आणि तो मुलाच्या छातीच्या उंचीवरून फरशीवर पडला. पडल्यावर तो लगेच पळत पलंगाखाली गेला, त्यामुळे काही झाले नसावे असे वाटले. रात्री मात्र तो मागचा डावा पाय टेकवत नव्हता. रक्त नाही, सूज दिसत नाही, तो ओरडलाही नाही. आज सकाळपासून कोपऱ्यात बसून आहे. कोथिंबीर पुढे धरली तर एखादी काडी खातो, सुक्या गवताला मात्र तोंड लावलेले नाही. एका नातेवाइकांनी पाय तेलाने चोळायला आणि आमच्याच वेदनाशामक गोळीचा पाव तुकडा द्यायला सांगितले. दुसरे म्हणतात, जनावर आपले आपण बरे होते, दोन दिवस वाट बघा. खरोखर दुखापत झाली आहे हे ओळखायचे कसे? आणि मादीला तोवर वेगळे ठेवावे का? – एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचल्याबरोबर ‘आजच दवाखान्यात न्या’ एवढे मी तुम्हाला कळवले होते. त्यामागची कारणे सविस्तर सांगणे बाकी होते. ससा पाळणाऱ्या इतरांनाही ती उपयोगी पडतील, म्हणून ती येथे देतो.

तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी निर्णयासाठी पुरेशा आहेत. ससा उंचावरून पडला, तो एक पाय टेकवत नाही आणि त्याने गवत सोडले आहे. या तिन्हींत तुम्हाला पायाची काळजी सर्वांत जास्त वाटते आहे. मला गवताची वाटते. पाय मोडला असेल तर तो काही तासांनी बसवला तरी चालण्यासारखा असू शकतो, परंतु सशाचे खाणे बंद पडले तर ते काही तासांतच स्वतंत्र आजाराचे रूप घेते आणि मूळ दुखापत किरकोळ असली तरी त्या आजाराने ससा दगावू शकतो. म्हणून ‘हाड मोडले आहे का’ या प्रश्नाचे उत्तर घरी शोधत बसण्यापेक्षा ‘तो खातो आहे का आणि लेंड्या टाकतो आहे का’ हे आधी पाहावे. हाडाचे उत्तर एक्स-रे देईल. खाण्याचे उत्तर मात्र तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

पडल्यावर तो पळाला, ओरडला नाही, रक्त आले नाही, यावरून तुम्ही धीर धरलात हे स्वाभाविक आहे, पण सशाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींना फारसा अर्थ नसतो. ससा हे शिकार होणारे जनावर आहे. दुबळेपणा दाखवणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या रक्तातच आहे. पडल्याक्षणी भीतीने शरीरात जी रसायने उसळतात त्यांच्या जोरावर मोडक्या पायानेही तो पलंगाखाली पळू शकतो. लंगडणे दिसते ते तो जोर ओसरल्यावर. तुमच्याकडे ते रात्री दिसले, हा क्रम अगदी नेहमीचा आहे. सशाची किंकाळी ही तर जीव जाण्याच्या भीतीची किंवा असह्य वेदनेची खूण असते. ती ऐकू आली नाही म्हणजे दुखत नाही, असे मानता येत नाही.

आता खाण्याचे महत्त्व. सशाची आतडी जवळजवळ अखंड चालू राहण्यासाठी घडलेली असतात. तंतुमय गवत सतत आत जात राहिले तरच ती हलती राहतात. वेदना आणि भीती यांमुळे ही हालचाल मंदावते. आतले अन्न सुकून घट्ट होते, वायू धरतो, त्याने पोट दुखू लागते आणि पोट दुखते म्हणून ससा आणखी कमी खातो. उपास लांबला की शरीर चरबी जाळू लागते आणि तिचा भार यकृतावर येतो. आतडी मंदावण्याच्या या अवस्थेला दवाखान्यात ‘जीआय स्टॅसिस’ म्हणतात. कुत्र्याने एक वेळचे जेवण सोडले तर आपण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो, सशाला ती सवलत नाही. प्रौढ सशाने १०-१२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही तर, इतर काहीही लक्षण नसले तरी, तो तातडीचा रुग्ण समजावा.

कोथिंबिरीची एखादी काडी खाल्ली म्हणजे तो खातो आहे, असे मात्र धरू नये. आवडीचा हिरवा पाला दुखत असतानाही काही ससे हुंगतात, दातांत धरतात आणि दोन-तीनदा चावून सोडून देतात. त्याच्या समोर जमिनीवर बसून एकदा नीट पाहा. निरोगी ससा काडीचे टोक पकडतो आणि ती डोके न हलवता सरसर आत ओढली जाते, जबडा आडवा भराभर फिरत राहतो, शेवटचे पान दिसेनासे होण्याआधीच तो पुढच्या काडीकडे वळलेला असतो. दुखणारा ससा काडी तोंडात धरून थांबतो. जबडा काही क्षण चालतो, थबकतो, काडी ओठांतून खाली घसरते आणि तो तिच्याकडे पुन्हा पाहतही नाही. हे पाहायला दोन मिनिटे पुरतात आणि डॉक्टरांना सांगण्यासारखी ती पक्की माहिती असते. शक्य झाल्यास मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवा, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला ससा यातले काहीच दाखवत नाही. लंगडणारा ससासुद्धा तेथे गोठल्यासारखा स्थिर बसतो.

लेंड्यांकडे पाहण्याचाही संकोच नसावा. नेहमीच्या लेंड्या गोल, एकसारख्या आकाराच्या आणि बोटांनी चुरडल्यास गवताचा भुसा दिसेल अशा असतात. त्या लहान, कडक, वेड्यावाकड्या झाल्या किंवा संख्येने एकदम घटल्या, तर आतडी मंदावू लागली आहेत. याशिवाय ससा चकचकीत, मऊ, घोसासारख्या वेगळ्या लेंड्या टाकतो आणि पाठ वाकवून त्या थेट मागूनच तोंडाने उचलून खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. पाठ, कंबर किंवा पाय दुखत असेल तर त्याला वाकता येत नाही आणि हा मऊ लगदा शेपटीखाली चिकटून राहतो. एरवी स्वच्छ राहणाऱ्या सशाचा मागचा भाग एकाएकी घाण किंवा लघवीने ओला दिसू लागला, तर पोटाच्या बिघाडाबरोबरच पाठीच्या दुखण्याचीही शंका घ्यावी.

चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. ओळख पटावी म्हणून सशांच्या कानावर गोंदण करताना त्यांच्या चेहऱ्यात काय बदलते, याचे निरीक्षण करून ती बसवली गेली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात. डोळे किती मिटलेले आहेत, गालांचा गोलावा जाऊन ते चपटे झाले आहेत का, नाकपुड्या खाली टोकदार दिसतात का, मिशा ताठ होऊन नेहमीच्या जागेवरून सरकल्या आहेत का आणि कान आवळून मागे वळले आहेत का, या त्या पाच. झोपाळू सशाचेही डोळे मिटलेले आणि कान पाठीवर टेकलेले असतात, त्यामुळे एकट्या खुणेवर विसंबू नये. फरक असा की झोपाळू ससा अंग सैल सोडून पसरतो आणि हाक मारली की कान फिरवतो; वेदनेतला ससा पाय पोटाखाली घट्ट ओढून, पाठीला बाक देऊन बसतो आणि हाकेला प्रतिसाद देत नाही किंवा उशिरा देतो. कुरवाळताना ससा दात अगदी हलके वाजवतो तो समाधानाचा आवाज असतो, पण करकर दात खाणे, लांबून ऐकू येईल असे, हे वेदनेचे लक्षण आहे. माझा स्वतःचा भर या सगळ्यांपेक्षा एका साध्या गोष्टीवर असतो. ज्या वेळी आणि ज्या आवाजाला हा ससा रोज धावत येतो, त्या वेळी तो आला का? रोजचा ससा तुम्ही पाहिलेला असतो, डॉक्टरांनी नाही.

आता पायाकडे वळू. सशाचा सांगाडा अतिशय हलका असतो. मांजरात तो शरीराच्या वजनाच्या साधारण १२-१३ टक्के भरतो, सशात जेमतेम ७-८ टक्के. त्यावर मागच्या पायांचे स्नायू मात्र धनुष्याच्या दोरीसारखे जोरकस. म्हणून ससा न पडताही जखमी होऊ शकतो. कोणी घट्ट पकडून ठेवलेले असताना त्याने मागच्या पायांनी जोरात झटका दिला, तर त्याच्याच ताकदीने कमरेचा मणका मोडू किंवा निसटू शकतो. तुमच्या सशाने पडण्यापूर्वी लाथा झाडल्या होत्या, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने पत्रातला हा फार महत्त्वाचा तपशील आहे आणि डॉक्टरांशी बोलताना पडण्याचा उल्लेख करण्याआधी तो सांगायला हवा.

एकच पाय वर धरून ससा बाकीच्या तिघांवर चालत असेल, तर नखापासून मांडीच्या सांध्यापर्यंत काहीही असू शकते; मुरगळ, निखळलेला सांधा, नडगीचे मोडलेले हाड, मुळाशी तुटलेले नख. पाय अस्वाभाविक कोनात वळलेला किंवा लोंबत असेल, तर हाड मोडल्याची किंवा सांधा निखळल्याची दाट शक्यता आहे. पण तो सरळ दिसतो म्हणून मोड नाही असे ठरत नाही, कारण दाट केसांखाली सूज आणि निळेपणा झाकला जातो. दोन्ही मागचे पाय फरफटत असतील, कमरेखालचा भाग लुळा वाटत असेल किंवा लघवी आपोआप गळत असेल, तर प्रश्न पायांचा नसून कण्याचा आहे. मज्जारज्जूभोवतीची सूज नंतरच्या तासांत वाढू शकते, त्यामुळे सकाळी डगमगत चालणारा ससा रात्री चालेनासा होऊ शकतो. पायात संवेदना आहे का हे बघण्यासाठी घरी बोटे चिमटू नका. ती तपासणी डॉक्टर करतात, आणि दुखावलेला ससा चिमट्याने उसळला तर अपुरी मोड पुरी होऊ शकते.

काही लक्षणे दिसली तर दवाखाना उघडण्याची वेळ पाहत बसू नये, मिळेल त्या तातडीच्या सेवेकडे निघावे. दोन्ही पाय लुळे पडणे, न थांबणारा रक्तस्राव, हिरड्या पांढरट दिसणे, कान बर्फासारखे गार लागणे, ससा आडवा पडून राहणे, मान एका बाजूला कलणे किंवा डोळे सतत इकडून तिकडे हलत राहणे, पोट टणक फुगणे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे या सर्वांत गंभीर, कारण ससा स्वभावतः नाकानेच श्वास घेतो आणि तो तोंड उघडतो तेव्हा त्याच्यापुढे दुसरा मार्ग राहिलेला नसतो. श्वास मोजायचा असेल तर नाकाच्या थरथरीवर जाऊ नका, ती वास घेण्याची हालचाल आहे; बरगड्यांमागची कूस किती वेळा वर येते ते १५ सेकंद मोजून चारने गुणा. शांत बसलेल्या सशाचे मिनिटाला ३० ते ६० श्वास हे सर्वसाधारण आहे. शरीराचे तापमान सुमारे ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते, पण ते गुदद्वारातून मोजावे लागते आणि कण्याची शंका असलेल्या सशाशी घरी ती झटापट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कानांचा स्पर्श तेवढ्यापुरता पुरेसा आहे.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरच्यांचे काम एवढेच, की असलेली इजा वाढू द्यायची नाही. त्याला मोकळ्या घरात फिरू न देता पाय पसरून वळता येईल एवढ्या लहान जागेत ठेवा. उंच कडा, पायऱ्या, आत-बाहेर उडी मारावी लागेल असे शौचपात्र काढून टाका. खाली जाड टॉवेल किंवा घसरणार नाही असे कापड अंथरा. गवत आणि पाणी मान फार न वळवता मिळेल असे तोंडाजवळ ठेवा. पाण्याची बाटली वर टांगलेली असेल तर उथळ, जड वाटी द्या. ससा गार पडला असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, मात्र नको झाल्यास त्याला दूर सरकता आले पाहिजे. सशाला उष्णता फार बाधते.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पूर्ण मागच्या भागाखाली असावा, पाठ तुमच्या अंगाला टेकलेली असावी. कान धरून किंवा मानेच्या कातडीला लोंबकळत कधीही नाही. कण्याची शंका असेल तर हातांनी उचलूच नका. कडक पुठ्ठा किंवा पातळ ट्रे त्याच्या अंगाखाली हळूच सरकवा, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा आणि तसाच पेटीत ठेवा. वरून उघडणारी पेटी असल्यास उत्तम, कारण पुढच्या दारातून ओढून काढताना बरीच धडपड होते. ससा उताणा केला की निश्चल होतो, त्याला काही जण गुंगी समजतात आणि तपासणीसाठी तसे करतात. ती गुंगी नसून भीतीने गोठणे आहे. तसे करू नका.

तेलाने चोळण्याचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण मोडलेल्या हाडावर चोळणे म्हणजे हाडाची टोके मांसात घुसवणे. तेलाने केस चिकटतात, ससा ते चाटून साफ करू पाहतो आणि त्यासाठी दुखणारे अंग पुन्हा पुन्हा वळवतो. काडी बांधून पाय सरळ करण्याचा प्रयत्नही नको. सशाची हाडे ठिसूळ असतात, घरचा बांध सैल झाला की त्याच्या वजनाने मोड वाढते, आवळला गेला की पंजाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि दोन्ही स्थितींत ससा तो कुरतडतोच.

गोळीविषयी तर जास्तच ठामपणे लिहावे लागेल. ६० किलोच्या माणसासाठी बनवलेल्या गोळीचा पाव भाग म्हणजे नुसत्या वजनाच्या हिशेबाने १५ किलोच्या देहाचे औषध झाले. तुमचा ससा दोन किलोच्या आसपास असेल, तर ते सातपटींहून अधिक आहे. शिवाय आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात, आणि न खाणाऱ्या, अंगातले पाणी कमी झालेल्या सशात तो धोका वाढतो. सशाला वेदनाशामक द्यावेच लागते, त्याशिवाय तो खायला लागणार नाही, पण ते डॉक्टरांनी वजन करून द्यायचे. बहुधा मेलोक्सिकॅमचे द्रावण देतात आणि वेदना तीव्र असल्यास अफूवर्गातले इंजेक्शनही. घरात कुत्र्यासाठी आणलेले मेलोक्सिकॅम असले तरी कुत्र्याची मात्रा सशाला लागू पडत नाही. उरलेल्या प्रतिजैविकांचे तर नावच काढू नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे दिल्यास आतड्यांतले उपयुक्त जिवाणू मरतात, त्यांची जागा विष तयार करणारे जिवाणू घेतात आणि जुलाब होऊन ससा मरू शकतो. माणसांच्या दृष्टीने ही अगदी रोजची औषधे आहेत, म्हणूनच चूक सहज होते.

सिरिंजने भरवावे का, असेही तुमच्या मनात येईल. ससा शुद्धीवर असेल, गिळत असेल आणि पोट मऊ असेल, तर डॉक्टरांशी फोनवर बोलून पाणी किंवा पाण्यात भिजवलेल्या गोळीखाद्याची पातळ पेज गालाच्या कडेने थोडी थोडी देता येते. पोट फुगून घट्ट झालेले असेल, ससा निपचित असेल किंवा श्वास कष्टाने घेत असेल, तर तोंडात काहीही घालू नका. आतड्यात अडथळा असल्यास भरवल्याने हानी होते आणि गिळता न आलेले फुप्फुसात जाते.

तुमच्याकडे रक्त नाही, पण इतर वाचकांसाठी थोडे लिहितो. तुटलेल्या नखाचे रक्त स्वच्छ कापडाने काही मिनिटे न सोडता दाबून धरल्यास, किंवा कॉर्नफ्लोअर दाबल्यास, बहुधा थांबते. मांजर वा कुत्र्याचा चावा टाचणीच्या टोकाएवढा दिसला तरी त्याच दिवशी दाखवावा, कारण आत पू होतो आणि सशाचा पू घट्ट, लोण्यासारखा असल्याने तो आपोआप वाहून जात नाही. विजेची तार कुरतडलेला ससा ठीक दिसला तरी फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका काही तासांनी उद्भवतो, म्हणून त्यालाही नेलेच पाहिजे. डोळा मिटून धरला असेल तर घरातले थेंब घालू नयेत; बुबुळावर ओरखडा असताना स्टेरॉइड असलेले थेंब डोळ्याचे कायमचे नुकसान करू शकतात.

दवाखान्यात फोन करताना ‘तुमच्याकडे ससे नियमित तपासले जातात का’ हा प्रश्न आधी विचारा. त्यात कोणी अपमान मानू नये आणि चांगले डॉक्टर मानतही नाहीत. कुत्र्या-मांजरांना भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवतात, कारण त्यांना उलटी होऊ शकते. सशाला उलटी करता येत नाही, उलट उपासाने त्याची आतडी थांबतात. ‘रात्रभर उपाशी ठेवून आणा’ असे सांगण्यात आले तर तुम्ही नम्रपणे पण जरूर पुन्हा विचारावे. एक्स-रेसाठी बहुधा गुंगी द्यावी लागेल. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गुंगी किंवा भूल दिल्यानंतरच्या मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत सुमारे ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळले. हा आकडा घाबरवण्यासाठी सांगत नाही. निरोगी सशांत धोका बराच कमी होता आणि आजारी सशांत जास्त, यावरून आतडी थांबण्यापूर्वी, अंगात पाणी असताना ससा नेणे का बरे, हे लक्षात यावे. जाताना त्याच्या रोजच्या गवताची जुडी बरोबर न्या, आणि शेवटची लेंडी केव्हा दिसली ती वेळ कागदावर लिहून घ्या.

नुसती मुरगळ निघाली तर औषध आणि काही दिवस लहान जागेत विश्रांती एवढ्यावर भागेल. हाड मोडले असेल तर शस्त्रक्रिया, बाहेरून बसवलेला आधार किंवा केवळ बंदिस्त विश्रांती यांपैकी काय करायचे हे मोडीची जागा ठरवते, आणि विश्रांतीचा काळ साधारणतः सहा आठवड्यांच्या आसपास जातो. काही वेळा पाय काढावा लागतो. ते ऐकून पालक खचतात, पण तीन पायांचा ससा सहसा चांगला जुळवून घेतो. त्याच्या उरलेल्या मागच्या पायाच्या तळव्यावर जखम होऊ नये म्हणून जमीन कायम मऊ ठेवावी लागते आणि वजन वाढू द्यायचे नसते. कण्याची मोड आणि पूर्ण गेलेली संवेदना असेल तर डॉक्टर तुमच्याशी अवघड बोलणे करतील. तेव्हा ‘काहीही करून जगवा’ म्हणण्याआधी त्याला लघवी स्वतः करता येईल का आणि तो खाऊ शकेल का, हे विचारा. अपेक्षा असो वा नसो, घरी आल्यावर पहिल्या रात्रीतही गवत आणि लेंड्या मोजायच्याच असतात. उपचारानंतरही आतडी थांबू शकतात.

मुलाला रागावू नका. नऊ वर्षांच्या हातांना दोन किलोचा उसळणारा ससा धरता येत नाही, ही त्याची चूक नाही. यापुढे घरात नियम असा असावा की मुलांनी जमिनीवर बसायचे आणि सशाने हवे तर मांडीवर यायचे. उभे राहून उचलणे मोठ्यांचेच काम. गुळगुळीत फरशीवर सशाच्या पायांना पकड मिळत नाही, तेव्हा त्याच्या रोजच्या वाटांवर सतरंजी घाला.

मादीविषयी शेवटचा प्रश्न होता. जोडीतल्या सशांना पूर्ण तोडणे सहसा टाळावे. सोबतीण जवळ असली की घाबरलेला ससा लवकर खायला लागतो, आणि दवाखान्याचा अनोळखी वास घेऊन एकटाच परत आलेल्या जोडीदारावर दुसरा हल्ला करतो, असेही घडते. म्हणून दवाखान्यात दोघांना एकाच पेटीत न्या, पेटी मोठी असेल आणि मादी त्याच्या अंगावर चढत नसेल तर. ती चढत असेल, पाठलाग करत असेल किंवा त्याचा बांध कुरतडत असेल, तर मध्ये जाळी ठेवून दोघांची बिछायत जाळीला लागून घाला, म्हणजे तिला टेकून झोपता येईल. दोघे एकत्र असतील तेव्हा लेंड्या कोणाच्या हे कळत नाही, त्यामुळे निदान पहिले दोन-तीन दिवस त्याच्या बाजूचा टॉवेल वेगळ्या रंगाचा ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तो झटकण्यापूर्वी नीट पाहा.